मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

"क्लच! मॅडम, क्लच!"

मास्तर ओरडले आणि धाकटीचा डावा पाय आपोआप खाली दाबला गेला, तोही कशावर, तर आयसीयूच्या चकचकीत फरशीवर. पलंगाला लागून ठेवलेल्या स्टुलावर ती बसली होती, मांडीवर पर्स, तोंडावर मास्क, आणि पाय मात्र असा रोवलेला की जणू उचलला तर खरंच गाडी बंद पडेल. पाय दाबल्याबरोबर मास्तरांचा चेहरा सैल पडला. नाकातोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओरबाडायला निघालेला हात खाली आला, गिअरवर ठेवावा तसा चादरीवर विसावला.

"हां. आता हळूहळू सोडा. घाई नाही."

तिनं हळूहळू सोडला. काय करणार होती?

मास्तर म्हणजे तिचे बाबा. ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात त्यांची उभी हयात गेली, त्यामुळे अख्खा परिसर त्यांना मास्तर म्हणायचा, रागावली की आईसुद्धा. साध्या खोकल्यानं सुरुवात झाली, खोकल्याचा न्यूमोनिया झाला, न्यूमोनियाचं विष रक्तात गेलं, आणि मग घशात नळी घालून मशीननं श्वास द्यायची वेळ आली. ती नळी परवा काढली, तेव्हा सगळे बाहेर एकमेकांच्या गळ्यात पडले होते, की चला, आता बाबा बोलतील. बोलले की! धडाधड बोलले. फक्त बोलत होते ते हॉस्पिटलमधून नाही. ते होते गाडीत, नेहमीच्या जागेवर, शिकणाऱ्याच्या शेजारी, जिथे त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा एक ब्रेक असायचा. चादरीखाली उजवा पाय सारखा तो ब्रेक दाबत होता. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन वळला की हे कडाडायचे, "इंडिकेटर कोण देणार? तुझा काका?"

बरं, ओळखत नव्हते असंही नाही. दादाला पाहिल्याबरोबर ओळखलं. आईला तर असं ओळखलं की पहिलंच वाक्य, "गॅस बंद करून आलीस का?" आई रडता रडता हसली. धाकटीकडे मात्र त्यांनी सभ्यपणे पाहिलं, नव्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, आणि म्हणाले, "या मॅडम. सीट पुढे घ्या आधी."

डॉक्टरांनी समजावलं होतं. याला डिलिरियम म्हणतात, फार आजारी पडलेल्या माणसाचा मेंदू असा भरकटतो, हे वेड नव्हे, बहुतेकांचं ओसरतं. पण मास्क टिकला पाहिजे. ते असेच उठत राहिले, मास्क काढत राहिले आणि ऑक्सिजन उतरला तर पुन्हा नळी घालावी लागेल, आणि या वयात, इतक्या अशक्तपणात दुसऱ्यांदा नळी म्हणजे... असं म्हणून डॉक्टर थांबले होते. ते वाक्य दादानं पुरं करायला लावलं नाही.

"नातेवाइकांनी काय करायचं?" एवढंच विचारलं त्यानं.

"चष्मा लावा त्यांना. आपण कोण, ते कुठे आहेत, सकाळ आहे की दुपार, हे सांगत राहा. वाद घालू नका. आणि त्यांच्या गोंधळात आपणही शिरू नका."

आणि इथे ही शिरली होती. क्लचसकट.

पण खरं सांगायचं तर तिला मजा यायला लागली होती! कारण कसं होतं बघा, मास्तरांनी सगळ्या गावाला गाडी शिकवली, हिला नाही. म्हणजे सुरुवात केली होती. पण दुसऱ्यांची पोरं चालवत असताना पोटातलं पाणी न हलू देता बसणारा हा माणूस, ही चालवायला बसली की कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर दहादा ब्रेक दाबायचा. ही चिडायची, ते ओरडायचे, गाडी आचके देत बंद पडायची. एक दिवस ही भर चौकात गाडी सोडून उतरली, तरातरा निघाली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घातलं. तिथे शिकली, पास झाली, आणि आता कुरिअरची व्हॅन चालवत होती. सबंध शहर पालथं घालायची ती व्हॅन घेऊन. मास्तर त्या व्हॅनमध्ये कधी बसले नाहीत. एकदाही नाही. लग्नाला जायचं होतं, ही दारात व्हॅन घेऊन उभी, आई बसलीसुद्धा, आणि हे म्हणाले, "मला वाटेत काम आहे," आणि बसनं उभ्यानं आले.

आणि आज तेच बाबा म्हणत होते, "वा मॅडम. हात हलका आहे तुमचा."

भेटीची वेळ संपत आली. सिस्टरनं लांबूनच मनगटावर बोट ठेवून खूण केली. आता असंच उठून कसं जायचं? माणूस गाडी चालती ठेवून थोडाच उतरतो? म्हणून ती आपली म्हणाली, "मास्तर, झाला आजचा तास. घेतली बाजूला."

"हँडब्रेक?"

"ओढला."

"शाबास."

ती सिस्टरला सांगायला वळली. तिला त्यांचा हात धरून बसता यावं म्हणून पलंगाचा त्या बाजूचा कठडा खाली केलेला होता, तो तसाच राहिला. आणि एक गोष्ट ती साफ विसरली, जी तिच्या घरातल्या कुणीही विसरायला नको होती. मास्तरांच्या स्कूलमध्ये तास संपला की गाडी बाजूला घ्यायची, हँडब्रेक ओढायचा आणि दोघांनी उतरून जागा बदलायच्या. परतीची गाडी मास्तर स्वतः चालवत. दमलेला शिकाऊ माणूस घराजवळ आल्यावरच ठोकतो, हे त्यांचं ठाम मत होतं.

तर मास्तर उतरले. मास्क डोक्यावर सरकवला, सलाईनची सुई हातातून उपटली आणि पाय खाली टाकले. मॉनिटर किंचाळायला लागला. सिस्टर धावली, वॉर्डबॉय धावला, दोघांनी मिळून त्यांना जमिनीवर पडायच्या आधी काखेत धरलं, तरी गुडघा खरचटलाच. चादरभर रक्ताचे थेंब. आणि या सगळ्या गोंधळात मास्तर धापा टाकत एकच सांगत होते, "अहो, चावी तरी द्या!"

ऑक्सिजनचा आकडा खाली गेला तो वर यायला तयार नव्हता. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून त्या आकड्याकडे बघत राहिले, नळीची ट्रॉली बाजूला आणून ठेवली. शेवटी चढला आकडा, एकेक करत. पण मऊ पट्ट्यांनी मास्तरांचे दोन्ही हात कठड्यांना बांधले गेले.

बाहेर दादानं तिला गाठलं.

"तू बाबांबरोबर ड्रायव्हिंग-ड्रायव्हिंग खेळत होतीस?"

"शांत झाले होते ते."

"शांत? पलंगावरून उतरत होते! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? आपण शिरायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"तुला ओळखतात, तुला काय जातंय बोलायला!" ती एकदम म्हणाली, आणि मग तिलाच ते ऐकू आलं.

आई बाकावरून म्हणाली, "भांडायचं असेल तर खाली जाऊन भांडा. इथे सगळे आपापल्या काळजीत आहेत, त्यांना तुमची फोडणी नको." मग थोड्या वेळानं, बाटलीचं झाकण उघडझाप करत, "चावी मागत होते म्हणे."

"हो."

"जळलं मेलं लक्षण," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी धाकटी ठरवूनच आत गेली. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. तिनं मास्तरांना चष्मा लावला, स्टूल ओढलं, पाय स्टुलाच्या खाली एकमेकांत अडकवून बसली, म्हणजे दाबलेच जायला नकोत, आणि म्हणाली, "बाबा, मी तुमची धाकटी. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. तुम्हाला न्यूमोनिया झालाय. आता सकाळ आहे."

मास्तरांनी नीट ऐकून घेतलं.

"असं होय," ते म्हणाले. "बरं मॅडम, आरसा लावून घ्या तुमच्या उंचीप्रमाणे."

तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकून घेतलं. मग हात ओढून बघितला, पट्टी ताणली गेली, आणि वैतागून म्हणाले, "हा सीटबेल्ट कोणी लावला? हाताला लावतात का कोणी?" आणि मग जे ओढायला लागले, एकदा डावा, एकदा उजवा, की मनगटाची कातडी लाल झाली. आकडा डगमगायला लागला. ती नुसती बघत बसली. शिरायचं नाही म्हणजे नाही! पण डोळ्यांसमोर हे असं चाललेलं बघून बसायचं तरी कसं, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

"गप्प का?" मास्तर खेकसले. "मॅडम, गप्प बसून गाडी चालत नाही माझ्याकडे. बोलत चालवा. दिसेल ते बोला."

आता हा त्यांचा जुना नियम. त्यांच्या गाडीत रेडिओ नाही, गप्पा नाहीत, पण शिकणाऱ्यानं समोर जे जे दिसेल ते मोठ्यानं बोलत जायचं. कुत्रं दिसलं, कुत्रं म्हणा. सायकल दिसली, सायकल म्हणा. रिकामा रस्ता दिसला तर रिकामा रस्ता म्हणा. जे तोंडानं बोललं ते डोळ्यांनी बघितलं, असं ते म्हणायचे. त्यांच्याकडे शिकलेली माणसं वर्षानुवर्षं गाडीत एकटी बसून बडबडतात, कुरिअरच्या व्हॅनमध्ये धाकटीही बडबडते, आणि ती काही त्यांच्याकडे धड शिकलेलीही नाही.

तिनं समोर बघितलं. दिसेल ते बोलायचं, म्हणजे खोटं काहीच बोलायचं नव्हतं की!

"समोर खिडकी आहे," ती म्हणाली. "पडदा अर्धा उघडा. ऊन आलंय."

"पुढे?"

"उजवीकडून सिस्टर येताहेत. हातात ट्रे. ट्रेमध्ये इंजेक्शन आहे."

"अंतर ठेवा."

"ठेवलंय. त्या तुमच्याकडेच येताहेत. डावीकडच्या पलंगावर एक आजोबा आहेत, झोपलेत. त्यांच्या पायात मोजे आहेत, एक निळा, एक पांढरा."

मास्तरांचे हात थांबले. त्यांनी मान वळवली, हळूच, मास्कची नळी सांभाळत, आणि चष्म्यातून त्या मोज्यांकडे बघितलं.

"निळा," ते म्हणाले. "बरोबर."

सिस्टर इंजेक्शन देता देता ऐकत होती. टोचून झालं, तशी ती डॉक्टरांना घेऊन आली. धाकटीला वाटलं, झालं, आता बोलणी बसणार. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, हाताची घडी घालून. ती चाचरत बोलत राहिली. समोर डॉक्टर उभे आहेत. त्यांच्या खिशात दोन पेनं आहेत. वर मॉनिटर आहे, हिरवी रेघ पळतेय, ती तुमच्या हृदयाची आहे.

"हे चालेल," डॉक्टर म्हणाले. "हेच करा. आम्हीही दुसरं काय सांगत होतो?" आणि सिस्टरला म्हणाले, "तुम्ही शेजारी थांबा आणि एक हात सोडून बघा."

एक हात सुटला. तो हात मास्ककडे गेला नाही, मांडीवर पडून राहिला. दुपारच्या भेटीत दुसराही सुटला. आता लगेच सगळं छान झालं असं नाही हं. संध्याकाळ व्हायला लागली की मास्तर पुन्हा बिथरायचे, आढ्याकडे बोट दाखवून कुणाला तरी शिव्या घालायचे. एकदा तर दादालाच म्हणाले, "तू त्या पलीकडच्या स्कूलवाल्याचा माणूस आहेस." दादा जो काही दुखावला! धाकटीनं त्याला कोपरानं ढोसलं, "आता कळलं कसं वाटतं?" आणि दोघं तिथेच, मॉनिटरच्या खाली, खुदखुदून हसले. मग दादानंही शिकून घेतलं. समोर दार. दारातून आई येतेय. आईच्या हातात तुमचा रुमाल आहे.

अशाच एका दुपारी मास्तर बराच वेळ ऐकत होते. खिडकी, पडदा, एक पक्षी गजावर, उडाला. आणि मध्येच ते म्हणाले, "माझी मुलगी गाडी चालवते."

धाकटी बोलायची थांबली.

"थांबू नका. बोलत राहा."

"समोर... खिडकी आहे."

"व्हॅन चालवते. मोठी. गल्लीबोळांतून काढते." मास्कमुळे आवाज घोगरा येत होता. "चांगली चालवते. मी बघितलंय. एकदा बसमध्ये उभा होतो, आणि ती मागून आली. चांगलं अंतर ठेवून होती. सबंध रस्ताभर मी बघत होतो मागच्या काचेतून."

"मग तिच्या गाडीत का नाही बसलात?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं बहुतेक. पण विचारलं.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. एखाद्या विद्यार्थ्यानं अगदीच बावळट शंका काढावी, पण नवा आहे म्हणून माफ करावं, तसं.

"अहो मॅडम," ते म्हणाले, "तिच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही."

चादरीखाली त्यांचा पाय हलला. सलाईनचा थेंब पडला, मग दुसरा पडला.

"लोकांच्या पोरांचं काय," ते म्हणाले. "लोकांच्या पोरांना शिकवता येतं." आणि मग, "पुढे काय दिसतंय?"

तिला पुढे काहीच दिसत नव्हतं. तिनं मास्कच्या वरून, हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले आणि जे दिसलं ते म्हणाली, "सगळं अंधूक आहे जरा."

"मग वेग कमी करा," मास्तर म्हणाले, आणि झोपले.

ते परत आले ते अगदी साधेपणानं. ताप उतरला होता, रक्त निवळत चाललं होतं, आणि एका सकाळी धाकटी स्टुलावर बसून "समोर खिडकी" म्हणते आहे, तोच मास्तर म्हणाले, "ते दिसतंय मला. तू कधी आलीस?"

ती उठून उभीच राहिली.

"व्हॅन कुठे लावलीस? दारात नाही ना लावलीस? ॲम्ब्युलन्स यायच्या वाटेत?"

"मागे लावलीय, बाबा."

"मागे म्हणजे उताराला? हँडब्रेक ओढलास का?"

बाहेर जाऊन तिनं सांगितलं, तेव्हा आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, दादा भिंतीला टेकून खाली बसला आणि पोरासारखा रडला. सगळ्यांत शेवटी धाकटी रडली. कशासाठी, ते तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. बाबा परत आले होते. आणि "हात हलका आहे तुमचा" म्हणणारे ते सभ्य गृहस्थ गेले होते, निरोपसुद्धा न घेता.

साध्या वॉर्डात हलवल्यावर मास्तर उशीला टेकून बसायला लागले. सूप बेचव आहे म्हणून तक्रार करायला लागले, म्हणजे सुधारणा आहे असं सिस्टरचं म्हणणं. त्यांना आयसीयूतलं फारसं आठवत नव्हतं. पडलो होतो हे आठवत नव्हतं, बांधलं होतं हेही नाही. मनगटावरच्या डागांकडे बघून ते म्हणाले, "सलाईनचं असेल." आईनं चादर मनगटांवर ओढून दिली.

त्या दिवशी दादा सफरचंद चिरत होता आणि धाकटी त्यांची नखं कापत होती.

"एक विद्यार्थिनी यायची बघ तिथे," मास्तर म्हणाले.

दादाची सुरी थांबली.

"कुठे, बाबा?" धाकटीनं विचारलं. मान वर केली नाही.

"तिथेच, वर. रोज यायची. आता आयसीयूत कशी यायची, कोणी सोडली, मला माहीत नाही. पण यायची. शेजारी बसायची." त्यांनी जरा वेळ विचार केला. "नाव काही सांगितलं नाही तिनं. भली बाई होती."

दादा म्हणाला, "बाबा, अहो, ती म्हणजे..." आणि धाकटीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं सफरचंदाची फोड स्वतःच्याच तोंडात टाकली.

"चालवायची कशी?" धाकटीनं विचारलं.

"छान. हात हलका. थोडी घाबरायची, पण ते चालतं, घाबरणारा माणूस बघून चालवतो." मास्तरांनी करंगळी पुढे केली. "तुला भेटायला हवी होती."

"हो?"

"पण तुझं नि तिचं काही पटलं नसतं."

"का बरं?"

"ती ऐकून घ्यायची," मास्तर म्हणाले.

दादाला ठसका लागला. तो पाणी आणतो म्हणून बाहेर गेला, आणि दारातून त्याचे खांदे हलताना दिसले. धाकटीनं करंगळीचं नख कापलं, कडा बोटानं चाचपून बघितली, कुठे टोचत नव्हती ना ते. मग त्यांचा हात उलटा करून चादरीवर ठेवला आणि दुसरा हात घेतला.

"घरी कधी सोडणार म्हणे?" मास्तरांनी विचारलं.

"उद्या-परवा."

"दादाला सांग, टॅक्सी बघून ठेव."

"बरं," ती म्हणाली.

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. मागच्या आवारात, उताराच्या कडेला, तिची व्हॅन उभी होती. ते बराच वेळ बघत होते.

"नको," ते म्हणाले. "टॅक्सीवाले फार जोरात नेतात."